शरणपूर शोधत आलेला

रविवारची वंदना संपली आणि विहाराच्या दारात तो दिसला. उंचपुरा, काळाभोर, बूट हातात धरून उभा.

"हे चर्च आहे?" चक्क मराठीत!

"नाही, बुद्धविहार आहे. चर्च पुढे, शरणपूर रोडला."

"तू दाखवतेस?"

"अनोळखी मुलीला एकदम तू म्हणत नाहीत."

"चुकलो… तुम्ही दाखवतेस?"

मला हसू आवरेना.

तो जोसाया, केनियातल्या मोंबासाचा. पाद्री होण्यासाठी पुण्यात शिकत होता, मराठी तिथेच शिकला. नाशकात आला होता तो खापरपणजोबांचा माग काढत. गुलामांच्या जहाजातून सोडवलेले ते पोरके पोर शरणपूरच्या मिशनमध्ये वाढले, सुतारकाम शिकले आणि मोंबासाला परतून पाद्री झाले.

मग तो दर रविवारी पुण्याहून यायला लागला. जुन्या कबरस्तानातल्या झिजलेल्या पाट्यांवर आम्ही खापरपणजोबांच्या सोबत्यांची नावं शोधायचो. माझं बोट आणि त्याचं बोट कधीकधी एकाच अक्षरावर यायचं…

"गोऱ्या पाद्र्यांना पगार जास्त, काळ्यांना कमी," तो एकदा सांगत होता. "खापरपणजोबांनी जाब विचारला. उत्तर मिळेना, तेव्हा आपली माणसं घेऊन बाहेर पडले. स्वतःच्या हातांनी चर्च बांधलं, शेजारी सुतारशाळा. कुणापुढे हात पसरायचा नाही, म्हणाले."

आमच्या गावी, सायखेड्यात, जातीनं लादलेली गावकीची कामं टाकून दिली, तेव्हा माझे आजोबा अगदी हेच बोलले होते.

"आणि आमच्या घरी," तो म्हणाला, "आशीर्वादाच्या शेवटी एक शब्द असतो… लेकरा. आजीला वाटतं, बायबलमधला आहे."

"अरे, तो मराठी आहे! लेकरू… आपलं मूल."

त्याचे डोळे भरले आणि मी ओढणी पुढे केली की नुसती चाळवली, आठवत नाही.

गोंधळ तिथूनच सुरू झाला. विहारात मी बायांना शिलाई शिकवते. मीच कॉलर उलटी लावायला लागले. आमचे भन्ते लग्न करत नाहीत, म्हणजे पाद्रीही करत नसणार. मग हा असा का बघतो? आणि मी तरी रविवारी दोनदा वेणी का घालते?

वर्गातली सगळ्यात वयस्क चिमणामावशी म्हणालीच, "पोरी, वंदना बुद्धाची अन् नजर दाराकडं… काय हाय हे?"

"काही नाही, मावशी!"

एप्रिलमध्ये तो आला तो गप्पच. "खापरपणजोबांनी बांधलेल्या चर्चची जमीन एक बिल्डर बळकावतोय. सुतारशाळाही जाईल. लोक म्हणतात, तू पुढे हो. मला जायला हवं."

"जा ना."

"निकिता… तू येशील?"

"मी? पण पाद्री लग्न…"

"आमचे करतात."

"मग आधी सांगायचं नाही का!"

"तू विचारलंच नाहीस. मला वाटलं, मी तुला आवडत नाही."

"मी बौद्ध आहे, बौद्धच राहणार. पाद्रीणबाई व्हायचं नाही मला."

"पाद्रीणबाई कुणी मागितली? मी निकिता मागतोय."

मी हो म्हणाले नाही, नाहीही म्हणाले नाही. वीस बायांचा वर्ग, गणवेशांची पहिलीच ऑर्डर… आणि घरी आप्पांना, माझ्या वडिलांना, काय सांगू? चिमणामावशीपाशी रडले, तर मशीनवरची मान वर न करता ती म्हणाली, "तू गेलीस म्हणून आमचं पायडल थांबणार नाय. नायतर आम्हाला शिकवलंस कशाला?"

तो निघाला त्या दिवशी स्टँडवर ऊन मी म्हणत होतं. तो मुंबईच्या बसच्या खिडकीत, मी खाली. इंजिन सुरू झालं. मनात शंभर वाक्यं होती आणि तोंडातून निघालं भलतंच—

"तुमच्याकडे शिलाई मशीन मिळतं का रे?"

"मशीन? का?"

"तिथल्या बायांना शिकवायला… मी तिकडे आले की मला काहीतरी काम लागेलच ना."

क्षणभर त्याला कळलंच नाही. मग तो असा मोठ्याने हसला, की कंडक्टर घंटी द्यायचं विसरून आमच्याकडेच बघत राहिला.