तिच्या बाजूचं छप्पर

दीपा, तो बेसमेंटचा दिवा बारीक कर आणि इकडे येऊन बस. मघाशी तुम्ही पोरं त्या टी-टॉपच्या गाड्यांना हसत होतात ना, की छप्पर काढून कोण फिरायचं म्हणून? गुरुदत्त सबनीसची गाडी पाहिली असतीत तर हसला नसतात. गडद लाल, लांब नाकाची, दोन दारांची. डोक्यावर काचेचे दोन तुकडे, एक ड्रायव्हरच्या वर, एक शेजारच्याच्या वर. आतून खिटीसारखा लॅच फिरवला की काच हातात आणि वर नुसतं आभाळ. आता सगळी खोकीच बनवतात.

गुरुदत्त इथेच, डेट्रॉइटजवळच्या एका कारखान्यात इंजिनिअर. त्याचं काम म्हणजे नव्या गाडीवर पाण्याचे फवारे सोडायचे आणि मग आत वाकून सीटवर तळवा दाबायचा. तळवा कोरडा निघाला की म्हणायचा, "पास." जगाच्या गाड्या तपासल्या, पण स्वतःच्या गाडीची काच पठ्ठ्याने कधी काढली नाही. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा नाही. त्याची बायको वीणा हौशी बाई. तिचं मागणं एवढंच, की एकदा माझ्या बाजूचं छप्पर काढ आणि लांब कुठेतरी फिरवून आण. हा म्हणायचा, काचेभोवतीचं रबर एकदा सैल झालं की गाडी गळते, मग विकताना भाव येत नाही. ताटात वाढलेलं आणि खायची चोरी.

"बट काका, एकदा काढायला काय झालं असतं?"

काही झालं नसतं, दीपा. तेच तर.

पंच्याऐंशीच्या मार्चमध्ये वीणा हॉस्पिटलात होती. उठवत नव्हतं तिला. तिने विचारलं, "आता तरी काढशील?" हा म्हणाला, "आधी बरी तर हो." ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. त्याच आठवड्यात गेली.

दीड वर्षाने त्याने गाडी विकायला काढली. मला म्हणाला, ती शेजारची रिकामी सीट बघवत नाही. लॅन्सिंगला शिकणारा राजीव नावाचा मुलगा गाडी घेणार होता. तो शुक्रवार होता, शहाऐंशीच्या ऑक्टोबरची तीन तारीख. सर्वपित्री अमावस्या. आम्ही मित्रांनी म्हटलं, अरे, आज तरी तिच्या नावाने पान वाढ. म्हणाला, इथे कावळा कुठून आणू? मिशिगनात कावळ्यांना काय तोटा! पण ऐकेल तो गुरुदत्त कसला. रात्री नऊला नोव्हायच्या घरून निघाला. राजीवकडे मुक्काम आणि सकाळी बसने परत, असा बेत.

वाटेतलं हॉवेल गाव मागे पडलं. दोन्ही बाजूंना मक्याची शेतं आणि मिट्ट काळोख. पाऊस सुरू झाला. तेवढ्यात डोक्याशी आवाज आला.

खट्.

तिच्या बाजूचा लॅच उघडला होता.

त्याने हात लांबवून बंद केला. रोजच्या कामातली वस्तू, तिला काय घाबरायचं? मैलभर गेला असेल.

खट्.

पुन्हा बंद केला. हलवून पाहिला. घट्ट होता. वायपर तेवढे चालू होते... बाकी गाडीत काही आवाज नाही...

खट्.

या वेळी त्याने तिकडे पाहिलं नाही. रस्त्यावरची नजर काढली नाही. म्हणाला, "वीणा... भिजशील गं."



लॅच उघडाच...

त्याने गाडी कडेला घेतली. उतरला. भर पावसात तिच्या बाजूची काच काढली आणि डिकीत ठेवली. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. वीणाची हौस मेल्यावरही गेली नव्हती.

मग चालवत राहिला. पाऊस सरळ आत. त्याची उजवी बाही भिजली, डॅशबोर्ड भिजला, मागची सीट भिजली. त्याने एकदाही मान वळवली नाही. लॅन्सिंगपर्यंत रडत होतो, असं त्याने स्वतः मला सांगितलं. आणि ती जिवंत असताना जे द्यायला हवं होतं ते अमावस्येच्या रात्री देतोय, याची त्याला मनस्वी लाज वाटत होती.

राजीव टॉर्च घेऊन खाली आला. गाडी बघून चाटच पडला.

"काका, छप्पर उघडं टाकून आलात? सीटची वाट लागली असणार."

गुरुदत्तने तिच्या बाजूचं दार उघडलं. पायाखालच्या गालिच्यात पाणी साचलं होतं. सीटच्या कडेने प्लास्टिकवर थेंबच थेंब. तो सवयीने आत वाकला. सीटच्या मधोमध तळवा ठेवला. दाबला. बराच वेळ दाबून धरला... मग टॉर्चच्या उजेडात उलटा केला.

कोरडा ठणठणीत.

हजारो गाड्यांना "पास" म्हणणारा माणूस. त्या रात्री त्याच्या तोंडून तो शब्द काही फुटला नाही.