राहिलेली गुंज

वृंदा सुर्वे यांनी खवल्याला पुन्हा एकदा नाल्यापलीकडे उतरवलं आणि हातातली, खेळ चालवायची कळपट्टी टेबलावर ठेवून दिली.

"नाला अरुंद केलायस," त्या म्हणाल्या.

शेजारच्या पडद्यावरच्या आकड्यांमध्ये बुडालेल्या तन्वीर मुकादमने मान वर केली. "मी काहीच केलेलं नाही, वृंदाताई. यंत्राने केलंय."

"तेच ते."

रत्नागिरीच्या बाहेर, आंब्याचा रस डबाबंद करणाऱ्या एका बंद पडलेल्या कारखान्यात तन्वीरची प्रयोगशाळा होती. दमट दिवशी तिथल्या भिंतींना अजून पिकलेल्या आंब्याचा वास येई. या जागेत तो 'खवल्या' पुन्हा जिवंत करत होता.

'खवल्या' हा वृंदाताईंनी पंचवीस वर्षांपूर्वी रचलेला उड्यांचा खेळ. नायक एक खवले मांजर. त्याने कोकणातले खडकाळ सडे, ओढे आणि कडे उड्या मारत ओलांडायचे, मोकळी वाट दिसली की अंगाचं मुटकुळं करून सुसाट गडगडत सुटायचं आणि वाटेत दडवलेल्या लालभडक गुंजा वेचायच्या. गडगडताना मात्र गुंज वेचता येत नसे. त्यासाठी चार पायांवर यावं लागे. खेळाचे तीन भाग निघाले, महाराष्ट्रभरच्या मुलांनी ते डोक्यावर घेतले आणि मग ते बंद पडले. त्या मुलांपैकीच तन्वीर एक. मोठा होऊन तो माणसाच्या लक्षाचा अभ्यास करणारा शास्त्रज्ञ झाला. नव्या खेळाला 'खवल्या' हे नाव द्यायचं की नाही, हे मात्र करारानुसार वृंदाताईंच्या हाती होतं, आणि पहिल्याच टप्प्यातला पहिला नाला त्यांना पसंत पडलेला नव्हता.

"नीट समजावून सांग," त्या म्हणाल्या. "हे तुझं कसोटीयंत्र करतं तरी काय?"

तन्वीरने खुर्ची वळवली. "ते दोन गोष्टी मोजतं. एक म्हणजे तुमचा हात. बोट किती चपळ, किती दमलेलं, उडीचा अंदाज कुठे चुकतो. हे कळपट्टीवरून कळतं. दुसरी गोष्ट म्हणजे तुमची अपेक्षा. पडद्यावरच्या कॅमेऱ्यातून ते तुमची नजर बघतं. तुम्ही आधी कुठे बघता, कुठे बघतच नाही, कशाची वाट पाहता. या दोहोंवरून ते तुमच्यापुरता टप्पा रचतं."

"आणि कशासाठी?"

"मी त्याला एकच उद्दिष्ट दिलंय. यश डोळ्यांसमोर असावं, पण सहज हाती लागू नये. सोपं झालं तर माणूस कंटाळतो, फार अवघड झालं तर सोडून देतो. या दोहोंच्या मधली जागा प्रत्येकाची वेगळी असते. यंत्र ती शोधतं आणि माणसाला तिथेच ठेवतं."

"म्हणजे प्रत्येकाचा कडा वेगळा."

"हो."

"मग तो कडा कसला रे? कडा सगळ्यांना तेवढाच उंच म्हणून तर त्याचं कौतुक. आमच्या वेळी पोरं रस्त्यात थांबून एकमेकांना विचारायची, तू दुसरी खिंड कशी काढलीस? आता काय विचारणार? याच्या टप्प्यात खिंड, तर त्याच्यात पूल!"

हा आक्षेप तन्वीरलाही सुचला होता. "पण ज्यांना पहिलीच उडी जमली नाही, त्यांचं काय?" त्याने विचारलं.

वृंदाताईंना हसू आलं. "एक आहे आमच्याच घरी."

त्यांचे यजमान मिलिंद सुर्वे दातांचे डॉक्टर होते. लग्न नवं असताना त्यांनी एकदा मोठ्या उत्साहाने 'खवल्या' खेळायला घेतला होता आणि पहिल्याच खड्ड्यात पुन्हा पुन्हा पडून शेवटी कळपट्टी बायकोच्या हातात देत म्हटलं होतं, "हे काही माझं काम नव्हे गं." त्यानंतर त्यांनी वृंदाताईंचा एकही खेळ खेळला नाही. पेढे मात्र ते प्रत्येक खेळाचे वाटत आले. वृंदाताई यावर काही बोलत नसत, पण आपण जन्मभर काय केलं ते घरच्या माणसाने कधी आतून पाहिलेलं नाही, ही रुखरुख त्यांना होती.

पलीकडच्या टेबलावर शलाका भाटकर खेळत होती. उड्यांच्या खेळांच्या स्पर्धांमध्ये तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तन्वीरने तिला चाचणीसाठी बोलावलं होतं. वृंदाताई उठून तिच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. नाला तोच होता, पण शलाकाच्या पडद्यावर तो खाडीएवढा रुंद दिसत होता, आणि मधल्या खडकांवर पाऊल पडताच ते बुडत होते.

वृंदाताईंनी स्वतःच्या अंगठ्यांकडे पाहिलं. संधिवाताने सांधे सुजले होते. कळ दाबताना कळ येई.

"कळलं," त्या म्हणाल्या. "म्हाताऱ्या माणसाला सवलत. मला नको सवलत, तन्वीर. मी या खेळाला नाव देणार नाही."

"यंत्राला दया येत नाही, ताई. ते कुणाला सवलत देत नाही. तुम्हाला टप्प्यातल्या सगळ्या गुंजा मिळाल्या?"

"एक राहिलीय."

"ती शोधा. मी तुमचा टप्पा आहे तसा गोठवून ठेवतो. गुंज कुठे आहे ते मीही बघणार नाही. सापडली आणि सोपी वाटली, तर खुशाल नाही म्हणा."

दुसऱ्या दिवशी सकाळीच वृंदाताई हजर झाल्या. गुंजा लपवण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांनी धबधब्यामागे बघितलं. गुहेच्या छताला लोंबकळून बघितलं. टप्पा सुरू होतो त्या जागेवरून उलट्या दिशेला जाऊन बघितलं, कारण दुसऱ्या भागात त्यांनी स्वतः तिथे एक गुंज ठेवली होती आणि ती शोधायला लोकांना वर्ष लागलं होतं. तिथे काहीच नव्हतं.

त्या रोज येऊ लागल्या. आठवडा उलटला तेव्हा आपण रागावलो होतो हेही त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं. डबा उघडायचा राही, चहा गार होई. घरी भाजी चिरताना त्या मध्येच थांबत आणि "वारुळाच्या मागे!" असं म्हणत. वारुळाच्या मागेही काही निघालं नाही.

एकदा त्यांनी शलाकाला आपल्या जागेवर बसवलं. "उड्या मी झोपेत मारेन," शलाका म्हणाली, आणि तिने तशा मारल्याही. पण सगळी दुपार घालवून तिलाही गुंज मिळाली नाही. कळपट्टी परत देताना ती म्हणाली, "जिथे जिथे तुम्ही शोधलंत, तिथेच मीही शोधतेय, ताई. शोधायचं कसं ते मी तुमच्याच खेळांतून शिकले ना."

वृंदाताईंना हे ऐकून बरं वाटलं. टप्पा सोपा नव्हता, एवढं त्यांनी मनातल्या मनात कबूल केलं. पण हार मानायला त्या तयार नव्हत्या.

त्या शनिवारी त्यांच्या भाचीच्या मुलीचं पावसला बारसं होतं. डॉक्टर सुर्वे गाडी घेऊन बायकोला न्यायला प्रयोगशाळेत आले. नवी इस्त्री केलेला सदरा, हातात बाळासाठी आणलेली खुळखुळ्याची पिशवी.

"पाच मिनिटं," वृंदाताई म्हणाल्या.

डॉक्टर समजूतदारपणे बसून राहिले. बऱ्याच वेळाने तन्वीरने वृंदाताईंना जवळजवळ ओढूनच खाली चहाला नेलं. शलाकाने रिकाम्या झालेल्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "काका, खेळून बघा ना."

"छे. मी पडतो."

"यात नाही पडणार. उड्या लहान आहेत."

डॉक्टरांनी पिशवी खाली ठेवली, चष्मा पुसला आणि खुर्चीत ताठ बसले. शलाकाने पुढे कसं जायचं आणि उडी कशी मारायची ते दाखवलं. गडगडण्याची कळ ती दाखवणार, तोच ते म्हणाले, "एवढं पुरे. जास्त सांगितलंस तर घोटाळा होईल माझा."

आणि खवल्या चालू लागला. शलाकाने इतक्या सावकाश चालणारा खवल्या कधी पाहिला नव्हता. सकाळी फिरायला निघाल्यासारखे डॉक्टर दोन्ही बाजूंचं बघत चालले होते. "हा करंज ना? छान काढलाय." पुढे नाला आला. ते थांबले, श्वास रोखला आणि कळ दाबली. खवल्या पलीकडच्या काठावर नीट उतरला.

"अगं, ओलांडला की!" डॉक्टर एवढ्या मोठ्याने म्हणाले की खाली तन्वीरच्या हातातला कप हलला.

नाल्यापलीकडे जांभ्या दगडाची सपाट, तांबडी वाट होती. डॉक्टर तिच्यावरून चालले. दोन्ही बाजूंना गुहा होत्या, कपारी होत्या. त्यांनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. वाट होती, ते वाटेने गेले. मध्यावर पोचले आणि एकदम सनई वाजू लागली.

जिन्यावर वृंदाताईंच्या पायांचा आवाज आला. गुडघ्यांची पर्वा न करता त्या वर आल्या होत्या. सगळ्या गुंजा पुऱ्या झाल्यावरच ही सनई वाजते, आणि बाकीच्या तर त्यांनीच आधी वेचून ठेवल्या होत्या.

"मिलिंद, काय केलंस तू?"

डॉक्टर घाबरून उभे राहिले. "काही नाही गं. काही बिघडलं का? लाल असं काहीतरी रस्त्यात पडलं होतं. त्याच्यावरून चाललो फक्त."

तन्वीरने ते दृश्य मागे नेऊन सगळ्यांना दाखवलं. तांबड्या वाटेच्या अगदी मधोमध, उघड्यावर, एक लाल गुंज पडलेली होती. रंगात रंग मिसळला होता खरा, पण तिच्यावर काहीही झाकलेलं नव्हतं.

"या वाटेवरून मी किती वेळा गेले असेन," वृंदाताई पुटपुटल्या.

"गेलात, पण चाललात कधीच नाही," तन्वीर हळूहळू म्हणाला. तो स्वतःही आत्ताच सगळं समजून घेत होता. "वाट मोकळी दिसली की तुम्ही गडगडत सुटता. शलाकाही तेच करते. सरावलेला प्रत्येक जण तेच करतो, आणि गडगडताना गुंज वेचली जात नाही. तुमची नजरही त्या वेळी वाटेवर नसते, ती पुढच्या गुहेत शिरलेली असते. यंत्राला हे दिसलं. तुमच्या बोटांना त्रास होतो म्हणून उड्यांमध्ये अडचण वाढवता येईना. मग सगळी अडचण त्याने शोधण्यात घातली. आणि प्रत्येक आडजागा तोंडपाठ असलेल्या माणसापासून वस्तू लपवायची तर एकच जागा उरते."

"भर रस्ता," शलाका म्हणाली.

"हो. इथल्या चाचण्यांत आजवर यंत्राने सर्वांत जास्त अवघड केलेला शोध हाच आहे. काकांना तो एका फेरीत लागला, कारण तो त्यांच्यासाठी रचलेलाच नव्हता."

वृंदाताई खुर्चीत बसल्या आणि हसू लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "जन्मभर लोकांपासून गुंजा लपवल्या," पदराने डोळे पुसत त्या म्हणाल्या, "आणि मला पायाखालची दिसेना!" मग त्यांनी कळपट्टी उचलली, खवल्याला परत नाल्याशी आणलं आणि ती सबंध वाट एकदा पायी चालून पाहिली.

"नाव घे," चालून झाल्यावर त्या तन्वीरला म्हणाल्या. "पण एक गोष्ट करायची. आपला टप्पा दुसऱ्याच्या हातात देता आला पाहिजे. आज मिलिंदने माझा खेळला तसा. मग बघ पोरं एकमेकांशी किती भांडतात ते."

तन्वीरला हे इतकं पटलं की तो लगेच लिहून घ्यायला कागद शोधू लागला. शलाकाने तेवढ्यात त्याचाच टप्पा मागितला, आणि तो थोडा लाजला.

"पण माझं काय?" डॉक्टर म्हणाले. सगळ्यांनी वळून पाहिलं. कळपट्टी त्यांनी पुन्हा हातात घेतली होती. "सगळ्यांचे टप्पे आहेत. मलाही माझा रचून द्या की."

"बारसं?" वृंदाताईंनी विचारलं.

"नाव ठेवायला वेळ आहे अजून."

यंत्राने डॉक्टरांना थोडा वेळ इकडेतिकडे चालू दिलं, त्यांचा हात पाहिला, नजर पाहिली आणि त्यांचा टप्पा उघडला. वृंदाताई बघत राहिल्या. खांबाच्या पाठीमागे एक गुंज होती. कौलांच्या वळचणीला एक. देवळाच्या दीपमाळेवर, मागच्या बाजूने चढलं तरच दिसेल अशी एक. त्यांना प्रत्येक ठिकाण आतून ओळखीचं वाटलं. तीस-पस्तीसच्या वयात, पाय पोटाशी घेऊन खुर्चीत बसून आपणच हे सगळं रचलं असावं, असं.

"तू माझे जुने टप्पे घातलेस यात," त्या तन्वीरला म्हणाल्या.

"शपथेवर सांगतो, नाही. यंत्राला ते मी दाखवलेलेही नाहीत." तन्वीर पडद्याकडे टक लावून बघत होता. "काका आडबाजूला बघतच नाहीत ना. वाटेवर ठेवलं तर चालता चालता घेऊन टाकतात. मग त्यांच्यापासून लपवायचं, तर तुम्ही लपवायचात त्याच आडजागा उरतात."

वृंदाताईंनी खुर्ची ओढून नवऱ्याच्या शेजारी नेली. त्याला आता एकेक कोपरा, एकेक फट, एकेक वळचण धुंडाळावी लागणार होती, आणि तीही कुणी न सांगता. वृंदाताईंनी ओठ घट्ट मिटून घेतले.

डॉक्टरांचा खवल्या एका पायऱ्यांच्या विहिरीशी येऊन थांबला होता. आत अंधार होता, आणि खाली कुठेतरी एक कोनाडा असल्यासारखं दिसत होतं. डॉक्टरांनी कळपट्टी छातीशी धरली.

"खाली उडी मारली तर मरेन का गं?"

"मला काय माहीत?" वृंदाताई म्हणाल्या. "मारून बघ."