भुंकणारा वटवट्या

ही दरी कोरायला नदीला लाखो वर्षं लागली; तिच्यापुढे माणसाची सगळी भांडणं क्षुल्लक ठरतात. निदान दरीच्या तोंडाशी लावलेल्या फलकावर तसं लिहिलंय. त्याच फलकाखाली मारिसेला, तिचा धाकटा भाऊ नेतो आणि मावसभाऊ रुबेन एफ्रेनमामाशी कचाकचा भांडत होते.

"अख्खा डोह बंद?"

"अख्खा!" मामा झाडाला दोर बांधत म्हणाला. तो या राष्ट्रीय उद्यानात रेंजर होता आणि गाठी फार पक्क्या मारायचा. "तांबड्या टोपीचा वटवट्या आलाय. दुर्मिळ पक्षी. तो गेला की दोर सोडतो."

"कुणी पाहिलाय?"

"ऐकलाय. दोघा जाणकारांनी, वेगवेगळा."

सुट्टी नुकतीच लागली होती. वाळू चपलेतून चटका देत होती. पोहण्याजोगं पाणी फक्त या डोहात, आणि तेही रोज उतरत होतं. काल ओला असलेला दगड आज कोरडा ठणठणीत.

"वटवट्या जायच्या आधी नदी जाईल," रुबेन म्हणाला.

जाणकारांपैकी व्हिटलॉकसाहेब वरच्या अंगाला, विलोच्या झुडपांपाशी बसत. पेनीबाई खालच्या वळणावर, बोरूच्या उंच गवतात. दोघं एकमेकांशी बोलत नसत. मात्र पक्ष्यांना फसवायला मोबाइलवर त्यांचे आवाज लावणं किती नीच, यावर दोघंही येणाऱ्या-जाणाऱ्याला व्याख्यान देत. उद्यानात त्याला बंदीच होती.

मुलं दोराशी बसून बरिटो चावत होती. झुडपातून शीळ आली. वळणावरून उत्तर आलं.

"पुन्हा कुत्रा!" नेतो म्हणाला.

"गप रे!"

"अगं, पक्षी गायला की मागून एकदा 'भॉ' होतं. दर वेळी!"

मारिसेलाने कान दिला. शीळ. भॉ! वळणावरूनही शीळ. भॉ!

"इथे तर कुत्रा आणायला बंदी आहे," रुबेन म्हणाला. त्याने काठावरचा चिखल तपासला. बगळ्याची पावलं, रॅकूनची पावलं, त्याची स्वतःची चप्पल. कुत्रा कुठेच नाही.

"हे रेकॉर्डिंग आहे!" मारिसेला ताडकन उठली. "तू आधी का नाही सांगितलंस?"

"कधीचा सांगतोय! तूच गप बस म्हणतेस!"

तिघं धावत मामाकडे गेली. मामा हसला. "व्हिटलॉकसाहेब? अगं, ते मलाच नियम शिकवतात! उन्हात फिरू नका, डोकं तापतं."

"डोकं थंड करायचा डोह तूच बंद केलायस!" मारिसेला पाय आपटत परतली.

दुसऱ्या दिवशी दगडाखालचा दगडही कोरडा पडला होता. तिने आता पक्ष्याचं नावच काढलं नाही.

"मामा, कुत्रा! डोहापाशी मोकळा कुत्रा!"

मामा खुर्चीसकट उठला. कुत्र्यांच्या बाबतीत तो कुणाचं ऐकायचा नाही. दोर ओलांडून तो थेट झुडपात शिरला.

शीळ. भॉ!

"सापडला!" मामाने हात घातला आणि बाहेर काढला तो मुठीएवढा स्पीकर.

तेवढ्यात वळणावरून उत्तर आलं. तीच शीळ. तोच भॉ!

दगडामागून व्हिटलॉकसाहेब उठले. मामाच्या हातातला स्पीकर त्यांना दिसलाच नाही. "ऐकलंत? तो उत्तर देतोय!"

"कुत्र्यासकट?" नेतोने विचारलं.

बोरूतून पेनीबाई बाहेर आल्या, हातात गाणारा मोबाइल घेऊन. "माझ्या पक्ष्याला कोण घाबरवतंय?"

मोबाइल भुंकला.

दोघांनी एकच रेकॉर्डिंग मिळवलं होतं. ते करणाऱ्याच्या शेजारी कुत्रा होता, एवढंच. सगळे दिवस साहेबांचं यंत्र बाईंच्या यंत्राला साद घालत होतं आणि प्रतिसाद उत्तम होता.

दोघांना दंड झाला. मुख्य रेंजरबाईंनी स्वतः येऊन तिघांशी हात मिळवला. "इतक्या मोठ्या माणसांना जमलं नाही ते तुम्ही केलंत!"

"मुळात मी ऐकायला हवं होतं," मामा पुटपुटला आणि गाठी सोडायला बसला. त्या त्याने खरोखरच पक्क्या मारल्या होत्या. शेवटची सुटली, तशी तिघं आरोळी ठोकत धावली आणि नेतोने सगळ्यांच्या आधी उडी मारली.

पाणी त्याच्या घोट्यापर्यंत होतं.