नानांचं आगमन आणि चालू कुस्ती

हेमांगीचा पाय वायरीत अडकला आणि जळगावातल्या काही हजार टीव्हींवर अंधार पसरला.

ती एका स्थानिक चॅनेलच्या ऑफिसात मुलाखतीला आली होती. आत कुणा पुढाऱ्याचं भाषण थेट चालू होतं. ते आता बंद होतं. कॅमेऱ्यामागचा सडपातळ तरुण निघालेला प्लग हातात घेऊन तिच्याकडे बघत राहिला.

"सॉरी... मुद्दाम नाही..."

"तीन वर्षं झाली, मला हेच करायचं होतं," तो म्हणाला. "धाडस होत नव्हतं. मी योगेंद्र."

नोकरी मिळाली. "महिलांना या क्षेत्रात भरपूर संधी आहेत," असं चॅनेलचे मालक रतिलालशेठ दर आठ मार्चला सांगत. संधी एकूण तीन होत्या : लोणचं, मेंदी आणि रांगोळी. आठ महिन्यांत हेमांगीने तिन्ही भोगल्या. असोद्याच्या कौतिक पहिलवानांची ही लेक. हिचा गृहपाठ तालमीच्या ओट्यावर झालेला. कैरीच्या फोडी दाखवताना टेबलाखाली तिचा पाय सारखा हलायचा. घरी गेल्यावरही हलायचा. झोप लागेपर्यंत.

"पाय आवर ना. टेबल हलतं, फ्रेम हलते."

"माझ्या पायाकडे कशाला बघतोस?"

"फ्रेम बघतो मी."

"फ्रेममध्ये पाय नसतो."

यावर योगेंद्रने लेन्स पुसायला घेतली. ती आधीच दोनदा पुसून झाली होती.

मग धुळ्याजवळच्या एका गावच्या यात्रेतली कुस्त्यांची दंगल आली. तिचं निवेदन करणाऱ्या गुरुजींना ऐन वेळी कावीळ झाली, आणि हेमांगी शेठच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली ती हलेचना.

"बाईमाणूस आणि कुस्ती?" शेठ म्हणाले. "ठीक आहे. एकदाच. जमलं तर मैदानाचा माइक तुझा. नाही जमलं तर रिटायर होईपर्यंत लोणचं."

जीपमध्ये ती नखं खात होती.

"घाबरलीस?"

"छे." थोडं थांबून — "तू कुठे असशील?"

"कॅमेऱ्यामागे. दुसरीकडे कुठे असतो मी?"

"नाही... दिसशील ना मला, म्हणून विचारलं."

पारोळ्यापर्यंत योगेंद्रने खिडकीची काच चार वेळा वर-खाली केली.

दंगलीच्या निवेदनात कुस्ती चवीपुरती असते. बाकी सगळ्या चिठ्ठ्या. अमुक भाऊंचं आगमन झालेलं आहे, तमुक आबांकडून फेटा, फलाण्या अक्कांच्या शुभेच्छा. माइकवर बसणाऱ्याने आलेली चिठ्ठी ताबडतोब वाचायची, कॅमेऱ्याने त्या माणसाकडे वळायचं, आणि खाली मातीत दोन पोरं एकमेकांची हाडं मोडत असली तर मोडू द्यायची. यात अनमान झाला तर पुढच्या वर्षी यात्रेचं काम दुसऱ्या चॅनेलला जातं. दुपारभर हेमांगीने चिठ्ठ्या वाचल्या. पंचावन्न वाचल्या.

शेवटची कुस्ती लागली. पाचोऱ्याचा एक पोरगा, धुळ्याचा एक. पाचोऱ्याचा वजनाने निम्मा. त्याने धुळ्याच्या एका पायाला हात घालून एकेरी पट काढला आणि हेमांगी बसल्या जागेवरून उठली.

"पट काढलाय... सुटला! धुळ्याने मागून कब्जा घेतला, मानेवर घिस्सा... अरे हात काढ, हात आतून काढ—"

कुस्ती डोळ्यांसमोर होती, तरी लोक ऐकत होते.

तेवढ्यात चिठ्ठी आली. नानांचं आगमन. नाना म्हणजे सगळ्या यात्रेचा खर्च करणारे गृहस्थ. पहिल्या रांगेत येऊन बसलेले शेठ दोन्ही हातांनी खुणा करत होते : इकडे! कॅमेरा इकडे! हार निघाला होता. हेमांगीने चिठ्ठी बघितली. मग योगेंद्रकडे.

योगेंद्रला शेठ स्वच्छ दिसत होते. त्याने कॅमेरा मातीवरून हलवला नाही.

"हात निघाला!" ती ओरडली. "आता ढाक... ढाक लावली! पाचोरा वर, धुळे खाली... चितपट!"

टोप्या उडाल्या. हार घातलेले नाना एकटेच उभे होते आणि त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं.

शेठने तिच्या हातातून माइक काढून घेतला, योगेंद्रकडून कॅमेरा. लोणचंसुद्धा उरलं नाही. जीपही निघून गेली.

दोघं जळगावच्या एसटीसाठी फाट्यावर उभी राहिली.

"का नाही वळवलास?"

"तू बोलत होतीस."

"म्हणून नोकरी घालवलीस?"

"आठ महिने कैरीबद्दल बोलताना ऐकलं तुला... आज पहिल्यांदा..." त्याने रस्त्याकडे बघितलं. "मला ऐकायचं होतं, हेमांगी. पुढेही."

ती काही बोलणार तोच एक म्हातारे पहिलवान धापा टाकत आले, सुपडू आबा. "पोरी, पुढला ऐतवारले आमना गावले दंगल शे. बठ्ठा पंच म्हनतस, तूच बोलजो. येशी ना?"

"सगळे पंच म्हणतात तर येते की, आबा. पण नावं शेवटी वाचीन. कुस्ती झाल्यावर."

आबांनी विचार केला. "चाली," मान डोलावत म्हणाले आणि गेले.

योगेंद्रने रिकामे हात खिशात घातले. "माझ्याकडे तर आता कॅमेराच नाही."

"कॅमेरा कुणी मागितला?" हेमांगी म्हणाली. "समोर बस. मला दिसशील असा."