दगडीबाईचं भजन

ढोलकीचं कातडं फाटलं होतं म्हणून त्या शनिवारी मी धुळ्याला गेलो होतो. परत सातपुड्याच्या पायथ्याशी आमच्या गावात उतरलो तेव्हा ऊन कललं होतं. घरी न जाता तसाच चर्चमध्ये शिरलो. दुसऱ्या दिवशी प्रभुभोजन होतं, येशूच्या आठवणीत सगळ्यांनी एका भाकरीचा तुकडा घ्यायचा. आमच्यात आदल्या संध्याकाळी तयारीची सभा असते. ज्याने कुणाचं वाईट केलं असेल, त्याने उभं राहून ते सांगायचं, माफी मागायची, मगच दुसऱ्या दिवशी भाकरीला हात लावायचा.

त्या संध्याकाळी भुरीबाई उभी राहिली.

आमच्याकडे भजन एकजण सांगतो, बाकीचे मागून म्हणतात. सांगायचा मान दगडीबाईचा होता. ती गायला लागली की माझा ढोलकीवरचा हात आपोआप हलका पडायचा. भुरीबाईचा आवाजही वाईट नव्हता, पण दगडीपुढे त्याला विचारतं कोण? लोक दगडीला अजून एक सांग म्हणायचे, तेव्हा भुरी पदराचं टोक चावत बसायची. शेवटी तिने उठवलं की आजारी लेकरासाठी दगडी कोंबडी घेऊन भगताकडे उतारा करायला गेली. दगडी ती कोंबडी बाजारात विकायला नेत होती, पण तिला कुणी विचारलंच नाही. तिला मंडळीतून काढलं. पुढच्या पावसाळ्यात ती तापाने गेली. भजन भुरीकडे आलं.

हे सगळं भुरीबाईने रडत रडत सांगितलं. मंडळीतले वडीलधारे करमसिंग आबा उठून तिच्याजवळ गेले.

"देव माफ करी, पोरी," ते म्हणाले. "पन जे लिधं ते वापस दे. दगडीनं भजन आते तू सांगू नको."

तिने मान हलवली. आम्ही प्रार्थनेला डोळे मिटले. मोहाच्या फुलांचा दाट वास आत येत होता. कंदिलाची वात मधूनच तडतडत होती... आणि खिडकीबाहेर कुणीतरी भजन सुरू केलं.

दगडीचा आवाज ओळखायला एक ओळ पुरली. कुणी हललं नाही. आबांनीच मागून म्हणायला सुरुवात केली, मग सगळ्यांनी. माझी बोटं गार पडली होती तरी ढोलकी वाजत होती. भुरीबाई मान खाली घालून रडत होती. मला वाटलं, सुटली बिचारी.

दुसरं कडवं झालं. माझ्याजवळ बसलेली ताईबाई डोळे पुसत पुटपुटली, "कितलं गोड..."

भुरीबाईचं रडणं थांबलं. तिने मान वर केली, ओठ घट्ट आवळले आणि तिसरं कडवं बाहेरच्या आवाजाच्या वर चढवून, ओरडून म्हटलं. बाहेरचा आवाज तुटला.

रविवारी भाकरी घेऊन झाल्यावर, कुणी न सांगता, तीच भजनाला उभी राहिली. असं गाणं आम्ही दगडीला काढल्यापासून ऐकलं नव्हतं. बायका रडल्या. देवाने भुरीला माफ केलं, म्हणाल्या. ती मात्र पांढरीफटक पडली होती. त्या दिवसापासून ती कुजबुजूनच बोलू लागली. लोक म्हणायचे, गळा जपते.

महिन्याभराने एका दुपारी ती माझ्या ओट्यावर आली. आधी कुजबुजली, मग तिचा धीर सुटला आणि ती मोठ्याने बोलली.

"वनाभाऊ, बठ्ठा लोक तिलेच चांगलं म्हनतस... हाऊ आवाज मना नही शे. मी देवले माफी मांगस, ती बी तिन्हाच आवाजमा. मंग देव कोनले माफ करी?"

अंगणात माझी आई दाणे निवडत होती. तिला आता दिसत नाही, आणि कोण गेलं, कोण आहे, हेही तिच्या ध्यानात राहत नाही. तिने आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं आणि कोण आलं ते सहज विचारलं, "कोन, दगडी उनी का?"

भुरीबाईने दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबून धरलं.

"हा, अक्का," त्या दाबलेल्या हातांआडून स्वच्छ उत्तर आलं.