वीस फुटी बांबू आणि सहावा मजला

“माझ्या आराखड्यात एकही चूक नाही. मग कुणीच होकार का देत नाही?” आरेख नावाच्या यंत्रमानवाने विचारले.

साल होते २०५२. कृष्णाकाठच्या बुरूडवस्तीत दर पुराला पाणी शिरायचे, म्हणून उंचावर साठ कुटुंबांसाठी नवी घरे मंजूर झाली होती. ऊन, वारा, पाणी यांचे गणित मांडून आरेखने सहा मजली इमारत आखली. पण सभेत सगळे मान खाली घालून बसले. शनिवारपर्यंत होकार आला नाही, तर ही घरे दुसऱ्या गावाला जाणार होती. वास्तुरचनाकार (इमारतीची रचना ठरवणाऱ्या) निलोफर मुजावर काळजीत पडल्या.

वस्तीतली अकरा वर्षांची रेणू आरेखला म्हणाली, “आमच्या घरी चल तरी!”

अंगणात रेणूची शेवंताआत्या टोपली विणत होती. बाजूला बांबू रचलेले होते. आरेखने एक मोजला. वीस फूट!

“हे लिफ्टमधनं कसं न्यायचं, सांग बरं,” आत्या म्हणाली. “सहाव्या मजल्यावर ऱ्हाऊन आम्ही विणायचं तरी कुठं?”

“सभेत का नाही सांगितलंत?”

“इचारलं कुणी? तुम्ही दाखवलंसा, आम्ही बघितलं.”

आरेख तडक सभेच्या जागी परतला. मग निलोफरताईंना म्हणाला, “माझी माहितीच अपुरी होती. मी माणसं मोजली, त्यांचा दिवस मोजला नाही.”

“म्हणूनच लोकसहभाग लागतो,” ताई म्हणाल्या. “म्हणजे घर ज्यांचं, त्यांनीही ते आखायचं. आधी नाही, नंतर नाही, आखतानाच.”

दुसऱ्या दिवशी आरेखने मैदानावर आभासी प्रतिकृती (खऱ्याएवढे, पण नुसत्या प्रकाशाचे घर) उभी केली. आत्या बांबू खांद्यावर घेऊन आत शिरली. पहिल्याच वळणावर बांबू भिंतीत घुसला आणि भिंत लाल झाली. पोरे खिदळली. आरेखने वळण रुंद केले. पुन्हा लाल. तिसऱ्या वेळी आत्या सरळ पार गेली.

आता सगळेच बोलू लागले. कुणाला बैठी घरेच हवी होती. आरेखने जागा मोजून दाखवली. तशी फक्त बावीस घरे बसत होती. उरलेली अडतीस कुटुंबे कुठे जाणार? बराच वाद झाला. शेवटी लोकांनीच तोड काढली. तळमजला सगळ्यांच्या कामासाठी मोकळा ठेवायचा, राहायचे वर. पहिला मजला म्हाताऱ्यांना.

शुक्रवारी संध्याकाळी मैदानावरच साठही कुटुंबांनी अंगठे उमटवले. निलोफरताईंनी डोळे मिटून मोठा श्वास सोडला. आत्या मैदानाच्या पायरीवर टेकली आणि म्हणाली, “सुटलो गं बाई! पुढच्या पुरात झोप लागंल.”

सगळे पांगल्यावर प्रकाशाच्या घरात आरेख रेणूकडे वळला. “तुला घरात काय हवंय?”

असे तिला आजवर कुणीच विचारले नव्हते. 

“नदी दिसेल अशी खिडकी,” ती म्हणाली. “लांबून बघितली की ती छान दिसते.”

आरेखने लगेच पश्चिमेच्या भिंतीत प्रकाशाची एक चौकट उघडली, आणि रेणू टाचा उंचावून बाहेर पाहू लागली.