वेळकोठी

‘महासुगम’ ही वारसनोंदीची संगणकप्रणाली सहाव्यांदा कोसळली, तेव्हा सरकारने चौकशी समिती नेमली आणि समितीने निष्कर्ष काढला की चूक कोणाचीच नाही, वेळ कमी पडतो. निष्कर्ष सर्वांना इतका आवडला की सातव्या खेपेला सरकारने वेळच विकत घेतला. तोवर वेळ मिळू लागला होता म्हणा.

तो डॉ. आठल्ये यांच्या वेळकोठीत मिळत असे. धान्याची कोठी असते तशी ही वेळेची. एकाच घड्याळाची चाल सगळीकडे सारखी नसते, जड वस्तूजवळ ते मंद चालतं, हे शास्त्रज्ञांना जुनंच ठाऊक होतं. आठल्यांनी उलटं साधलं. त्यांच्या कोठीत घड्याळ भरधाव चाले. बाहेर एक दिवस गेला की आत अख्खं वर्ष सरे. आतल्या माणसाला काही जाणवत नसे. तो आपला रोज उठे, जेवे, झोपे आणि म्हातारा होई.

“म्हणजे पाच वर्षांचं काम पाच दिवसांत,” आठल्यांनी मृदुला गावंडेला समजावलं. मृदुला नोंदणी विभागात कक्ष अधिकारी होती आणि प्रणाली नव्याने लिहायला आत जाणाऱ्या तीस जणांत तिचा नवरा चंद्रहास मुख्य प्रोग्रामर होता.

“आणि माझा नवरा पाच वर्षांनी मोठा.”

“हो. पण तुम्हाला पाचच दिवसांचा विरह.”

“तो परत आला की मी चौतीसची आणि तो एकेचाळीसचा,” तिने हिशेब केला. “चालेल. माझ्या आईबाबांत नऊ वर्षांचं अंतर आहे.”

कोठीला एक दार आणि एक खिडकी. दार फक्त सचिव वाघचौरेसाहेबांच्या अंगठ्याने उघडे, कारण काम पूर्ण झाल्याची खात्री सचिवांनी करायची असा नियम होता. खिडकीतून रोज सकाळी वर्षभराचा शिधा आत जायचा आणि आतून फायली बाहेर यायच्या.

आता फायली कशाला, असं तुम्ही विचाराल. आठल्यांनीही विचारलं. पहिल्याच दुपारी खिडकीतून फाईल आली: वारसनोंदीत आधी तालुका विचारावा की जिल्हा, मार्गदर्शन व्हावं.

“अहो, आत ठरवायचं ना!” आठल्ये म्हणाले.

“कोणाच्या अधिकारात?” मृदुलाने विचारलं. तिला प्रश्न अगदी रास्त वाटला. आतल्या तिसांनाही वाटला असणार. सगळी नोकरी साहेबांना विचारण्यात गेली, आता कोठीत बसून अचानक अक्कल कुठून काढायची? सरकारने वेळ आत नेला होता, सही बाहेर ठेवली होती.

मृदुला फाईल घेऊन धावली. साहेब जेवायला गेले होते. मग शिष्टमंडळ आलं. मग साहेबांनी फाईल वाचली, माणूस तसे चांगले होते, काळजीपूर्वक वाचत, आणि शेरा मारला: ‘चर्चा करावी.’

“कोणाशी, साहेब? ते आत आहेत.”

“मग बाहेर आल्यावर करू.”

“पण हे ठरल्याशिवाय ते बाहेर येणार नाहीत.”

“तेही खरं,” साहेब म्हणाले. “ठेवून जा, उद्या बघतो.”

उद्या म्हणजे आत एक वर्ष. तीस माणसं वर्षभर तालुका की जिल्हा याची वाट पाहत कॅरम खेळली. पाच दिवस असेच गेले, मग दहा. साहेब दौऱ्यावर, साहेब अधिवेशनात, साहेबांच्या भाच्याचं लग्न. मृदुला लग्नातसुद्धा फाईल घेऊन गेली. नवरदेवाच्या मामाने अक्षता टाकता टाकता एक सही केली, तेवढीच काय ती तातडीची.

आतून आता सामानाची मागणी बदलली. आधी क्रिकेटच्या बॅटी मागत, मग चष्मे आले, मग केसांचा कलप. ज्या दिवशी गुडघ्याचे पट्टे मागवले, त्या दिवशी मृदुला मागणीपत्रावर डोकं टेकून रडली. आठल्यांनी पाणी आणून दिलं. त्यांना दुसरं काही करता येत नव्हतं; अंगठा त्यांचा नव्हता.

बाविसाव्या दिवशी साहेबांनी अंगठा ठेवला. दारातून अंगावर शाल आणि हातात नारळ घेतलेले एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ बाहेर आले. आतल्या आत बढत्या होत होत चंद्रहास अठ्ठावन्नाव्या वर्षी आतच निवृत्त झाला होता.

“मृदुला,” तो म्हणाला. “तू तर तश्शीच आहेस गं.”

तिला ‘तू कसा आहेस’ म्हणायचं होतं. तोंडून निघालं, “तुम्ही दमलात का?”

त्याने हातातला नारळ तिच्या हाती दिला.

प्रणाली मात्र अफलातून चालली. फक्त वारसाचा नियम मागच्या बुधवारी बदलला होता, त्यामुळे ती निरुपयोगी होती. सरकारने लगेच दुसरा टप्पा जाहीर केला आणि कोठीत जायला अधिकारी मागवले. मृदुलाने नाव दिलं.

“डोकं फिरलंय का तुझं?” चंद्रहास म्हणाला.

“तुला माझ्या वयाचं करता येत नाही. मला तुझ्या वयाचं होता येतं. नाहीतर तू आधी जाशील आणि मी पुढची वीस वर्षं एकटी काढीन.”

“आत तरी एकटीच काढशील.”

“तू काढलीस ना? आणि शेवटी तू भेटशील, हे ठाऊक असलं की निघतात वर्षं. बावीस दिवसांनी दार उघडवून घे, बस. काम होवो न होवो, मला बाहेर काढ.”

आठल्यांनी पुन्हा पुन्हा बजावलं, एक दिवसही इकडचा तिकडे नको. साहेबांनी शब्द दिला. अंगठा आधी घेता येत नाही, पण बाविसाव्या दिवशी सकाळी साडेदहाला मी हजर, असं ते स्वतः म्हणाले. मृदुला आत गेली. चंद्रहासने तीन आठवडे घर झाडलं, तिच्या आवडीचे पडदे लावले, दाढी करताना आरशात पाहून पहिल्यांदाच बरं वाटलं त्याला.

बाविसाव्या दिवशी तो नऊलाच मंत्रालयात पोचला. सचिवांच्या दालनाला कुलूप होतं. बाहेर स्वीय सहायक चहा पीत होता.

“साहेबांची बदली झाली काल. संध्याकाळी अंगठा रद्द झाला. काल यायचं होतंत तुम्ही.”

“मग नवे साहेब?”

“नेमणूक झालीय. पण आजपासून पितृपक्ष लागला ना. पक्षात कोण खुर्चीवर बसतंय? घटस्थापनेला रुजू होतील.”

चंद्रहास बोटांवर घटस्थापनेपर्यंतचे पंधरा दिवस मोजू लागला. सहायकाने त्याचे पांढरे केस पाहिले आणि आदराने खुर्ची पुढे सरकवली.

“बसा काका,” तो म्हणाला. “घाई काय आहे?”